न बोलावता सुरू होणारं

१० नोव्हेंबर, सोमवार

आजही एकोणीस मिनिटं. कॉम्प्युटरचं बटण दाबलं नऊ चाळीसला, पहिली फाइल उघडली दहाला एक कमी असताना. तोवर दारात चार जण. एकीला झेरॉक्स हवी होती, तिची काढून दिली, झेरॉक्सला कॉ. लागत नाही. बाकीचे तिघं माझ्या पाठीकडे बघत उभे. एक म्हणाला, "भाभी, तोपर्यंत कोपऱ्यावर जाऊन येतो." आला नाही. कोपऱ्यावर दुसरा टायपिंगवाला बसतो, मला काय माहीत नाही?

कॉ. चालू झाला की आधी खिडक्यांची जत्रा. एक म्हणते तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे. दोन वर्षं धोक्यात आहे, अजून काही झालं नाही. एक म्हणते मी तुमचा प्रिंटर, ओळख करून घ्या. तो प्रिंटर आपल्याकडे नाही, कधी नव्हता. मग फोनचं चित्र, मग पत्त्यांचा डाव, मग प्लॉटचे नकाशे. प्रत्येकाच्या फुलीवर दाबायचं, तेवढ्यात पुढचं उघडतं. मी बोलावलं होतं का ह्यांना? गिऱ्हाइकाच्या आधी हे येऊन बसलेले.

ह्यांना म्हटलं. हे मागे स्क्रीन प्रिंटिंगच्या टेबलावर. मान वर न करता म्हणाले, "इक्बालने फुकट दिलाय, थोडं थांबावं लागणार." फुकट कसला. ह्यांच्या धाकट्या भावाने वाघोलीच्या प्लॉटच्या ऑफिसात नवीन घेतले, जुना आमच्या गळ्यात घातला. दोन वर्षं रोज एकोणीस मिनिटं मी देतेय ती कोणाच्या खात्यावर?

ही वही त्याच एकोणीस मिनिटांत लिहिते. दुसरं काय करणार.

११ नोव्हेंबर, मंगळवार

रिपेरवाला आला. बसलासुद्धा नाही. उभ्या उभ्या बघून म्हणाला, फॉरमॅट मारावा लागेल. गेल्या वर्षी पण हेच म्हणाला होता. माणसाला सर्दी झाली तरी हा फॉरमॅट मारायला सांगेल. दोन दिवस कॉ. घेऊन जातो म्हणाला. लग्नसराई तोंडावर, पत्रिकांची कामं हातात. मोकळ्या हाताने जा म्हटलं.

दुपारी आपटे काका आले. समोरच्या सोसायटीतले, शाळेत गणित शिकवायचे. ती सोसायटी पाडून बिल्डर मोठी इमारत बांधणार, काकांना ते नको आहे. त्यांचा विरोधाचा अर्ज मीच टाइप केला गेल्या बुधवारी. तीन वेळा बदलला. प्रिंट घेऊन पिशवीत घातला, अकरा जणांच्या सह्या झाल्या की सोसायटीच्या ऑफिसात देणार होते.

खुर्चीवर बसले नाहीत. म्हणाले, "भाभी, रविवारी आमची सभा झाली. अध्यक्षांनी माझा अर्ज वाचून दाखवला. मी दिलेला नसताना."

मी म्हटलं सह्या करणाऱ्यांतल्या कोणी दिला असेल.

"तोपर्यंत कोणालाच दाखवला नव्हता. कागद पिशवीत, पिशवी खुंटीला. दुसरा कुठे होता? तुमच्या कॉम्प्युटरमध्ये."

"मी कोणाला दिला नाही काका."

"दिला असं मी म्हणत नाही. शब्दांना पाय फुटले असतील."

त्या अर्जात काकूंचं लिहिलं होतं. काकू दीड वर्षं पलंगावर आहेत, एक बाजू गेली. तीन वर्षं भाड्याच्या घरात त्यांना उचलून नेणं मला झेपणार नाही, असं वाक्य होतं. अध्यक्षांनी तेच वाक्य मोठ्याने वाचलं आणि म्हणाले, काळजी नको, काकूंना उचलायला सोसायटी चार माणसं देईल. लोक हसले म्हणे.

काका एवढं सांगून निघाले. दारात वळून म्हणाले, "पुढचा अर्ज हातानेच लिहीन. अक्षर वाईट आहे, पण घरात राहतं."

१२ नोव्हेंबर, बुधवार

पंधरा वर्षं टायपिंग करतेय. सातवी शिकलेली बाई, इंग्रजी अजून अक्षर अक्षर लावून वाचते. पण मराठी बोटांत आहे. घटस्फोटाचे कागद केलेत, भावाभावांची पत्रं केलीत, एकाच दिवशी सकाळी एक भाऊ आणि दुपारी दुसरा. ह्या कानाचं त्या कानाला कळलं नाही. मी वाचतच नाही. बोटं वाचतात.

आणि आता हे.

आज कदम बाई आल्या, मुलीच्या सासरचं काहीतरी पत्र. टाइप करून झाल्यावर म्हणाल्या, "भाभी, सेव्ह नका करू हं. माझ्यासमोर पुसा." कधी म्हणाल्या नव्हत्या. पुसलं. कुठून कळलं त्यांना? विचारलं नाही. आपटे काका बोलत हिंडणारे नाहीत. पण ती सभा ऐंशी माणसांची होती.

अठरा मिनिटं.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

मेश्राम मॅडम आल्या सकाळीच. मुलींच्या कॉलेजात कॉम्प्युटर लॅबला आहेत, माझ्याच वयाच्या, वर्ध्याच्या. परीक्षेच्या सूचना माझ्याकडे छापतात, कॉलेजचा प्रिंटर नेहमीच आजारी. कॉ. चालू होत होता. त्या उभ्या राहून बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "काहून हो भाभी, इतका वेळ लागते?"

मी म्हटलं हे विचारणाऱ्या तुम्ही आज चौथ्या.

मॅडमनी तीन बटणं एकदम दाबली. एक यादी उघडली. म्हणाल्या हे पाहा, कॉ. चालू झाला की हे सारे आपले आपणच उठतात. समोर लिहिलेलं असतं कोण जड कोण हलकं. ज्याचं काम नाही त्याच्यावर जायचं, माउसचं उजवं बटण, डिसेबल. प्रोग्राम जात नाही, कॉ.मध्येच राहतो. फक्त बोलावल्याशिवाय उठत नाही.

तेवीस होते. मोजले.

"एवढे कायले पाहिजे तुम्हाले?"

"मला एकही नको."

"तसं नका करू बाप्पा. एखाद्याचं काम असते. उद्या-परवा बसून पाहू, एकेक वाचून." घंटा झाली असेल, गेल्या.

फॉरमॅट नाही, काही नाही. तीन बटणं. तो रिपेरवाला दोन वर्षं काय करत होता.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

हे नमाजला गेले. दुकानात कोणी नाही. एकेक वाचत बसायला कोणाला वेळ आहे. यादी उघडली, माउस धरला, वरून खालपर्यंत सगळ्यांना डिसेबल. तेवीसच्या तेवीस. जेवढं लागतं ते मी स्वतः उघडीन.

बंद करून परत चालू केला. दोन मिनिटं. खरंच दोन. स्क्रीन स्वच्छ, एक खिडकी नाही. मी चहाचं आधण ठेवलं होतं, ते गरमसुद्धा झालं नव्हतं. तसाच गॅस बंद केला.

हे आले, बघितलं, म्हणाले, "इक्बालला विचारलंस का?"

दुकान माझं, वीज माझी.

१५ नोव्हेंबर, शनिवार

दोन मिनिटं. पण.

दहा वाजता गायकवाड आले. मुलीची पत्रिका, दोनशे प्रती. मजकूर आज, म्हणजे दुपारी छपाईची फिल्म, म्हणजे सोमवारी छापून हातात. मी बसले, पहिली ओळ देवाची, बोटं चालली, वर बघितलं तर सगळी इंग्रजी अक्षरं. मधेमधे कंस आणि स्वल्पविराम. पुसलं, परत टाइप केलं. परत तेच. वधूच्या नावाच्या जागी काय आलं ते मी इथे लिहीत नाही.

गायकवाड चष्मा वर करून बघत होते. म्हणाले, "भाभी, हे लग्न कोणत्या देशात ठरलंय?"

मग डोक्यात आलं. खाली कोपऱ्यात छोटा म असायचा. मराठीच्या कीबोर्डचा. तो आज नाही. तो पण कॉ. बरोबर आपोआपच उठत होता. पंधरा वर्षं मला वाटत होतं मराठी कॉ.मध्येच असते, विजेसारखी.

तेवीसात तो कुठला, नावावरून कळेना. गायकवाडांची चुळबुळ सुरू. हे मागून आले.  ब्रश घेतला, काळी शाई घेतली, ट्रेसिंग कागदावर पत्रिका हाताने काढायला बसले. लग्नाआधी पाट्या रंगवायचे, तो हात अजून आहे. दीड तास लागला. गायकवाड सगळा वेळ बाजूला उभे. शेवटी म्हणाले, "हेच छापा. कॉम्प्युटरचं नको." वर मलाच, "तुमचं बिघडलं ते बरं झालं."

संध्याकाळी मी बसले. एक चालू करायचा, कॉ. बंद करून परत लावायचा, म दिसतो का बघायचं, नाही दिसला तर त्याला परत बंद. सातव्याला म आला. जेवायला गेले तेव्हा डोळ्यांपुढे अक्षरं नाचत होती.

नवीन नियम. नाव वाचल्याशिवाय कोणाला बंद करायचं नाही, आणि नाव वाचल्याशिवाय चालू पण ठेवायचं नाही. वहीच्या मागच्या पानावर तेवीस नावं उतरवून काढली.

१७ नोव्हेंबर, सोमवार

अडीच मिनिटं. ह्या वेळात एवढंच लिहून होतं.

इक्बालचा फोन आला दुपारी. एरवी ईदला करतो. "भाभी, कॉम्प्युटर ठीक चल रहा ना?" म्हटलं पहिल्यांदाच ठीक चाललाय. "नाही, कुछ खराबी आली तर सांगा, माणूस पाठवतो." म्हटलं गरज नाही. मुलांचं विचारलं, ठेवला.

हे म्हणाले, बघ किती काळजी आहे त्याला.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

मेश्राम मॅडम चार वाजता आल्या, वहीतली यादी घेऊन बसलो. मी नाव अक्षर अक्षर वाचायची, त्या सांगायच्या. हा त्या प्रिंटरचा. हा फोनवर बोलायचा. हा नकाशांचा, इक्बालच्या धंद्याचा. हा विकत घ्या म्हणून भीती घालणारा. शनिवारचा प्रकार सांगितला तर हसून हसून त्यांचा पदर सुटला. "सांगतलं होतं न तुम्हाले."

चौदावं नाव आलं. त्या थांबल्या. "हा कोण चालवते?"

म्हटलं मला काय माहीत, हा तर ढग. घड्याळाशेजारी छोटा ढग असायचा तो. दोन वर्षं बघत होते. वाटायचं पाऊसपाण्याचं काहीतरी असेल.

मॅडमनी तो उघडला. वर नाव, इक्बालचं, त्याच्या ऑफिसचं. खाली फाइली. माझ्या. शुक्रवारपासूनची एकही नाही. त्याच्या आधीच्या सगळ्या. कदम बाईंची नाही, ती पुसली होती. आपटे काका अर्ज एक, अर्ज दोन, अर्ज तीन.

मॅडम हळू बोलायला लागल्या. म्हणाल्या, भाभी, हा प्रोग्राम काय करते, स्क्रीनवर तुम्ही जे ठेवता त्याची नक्कल वर पाठवते. खातं तुमच्या दिराचं. म्हणजे त्यांच्या ऑफिसात, त्यांच्या फोनमध्ये, सगळं दिसते. कॉ. दिला तेव्हा हे त्यांनी काढलं नाही. तुम्ही शुक्रवारी बंद केलं म्हणून शुक्रवारपासून गेलं नाही.

दोन वर्षं. लोकांचे आजार, भांडणं, कोणी कोणाला सोडलं, कोणाचं नाव कुठून कमी केलं. मी रोज सकाळी स्वतः बटण दाबत होते.

मॅडमना म्हटलं, तो वाचत असेल कशावरून? इतक्या फाइली. त्या म्हणाल्या, ते कॉम्प्युटर सांगत नाही.

मग सोमवारी त्याने फोन कशाला केला?

१९ नोव्हेंबर, बुधवार

ह्यांना दाखवलं. खुर्ची ओढून बसले, चष्मा लावून बघितलं.  मग म्हणाले, "त्याच्या लक्षात नसेल. त्याला पण कुठे कळतं ह्यातलं."

म्हटलं असेल. पण आपटे काकांचा कागद अध्यक्षांकडे कसा गेला? इक्बालला त्या सोसायटीशी काय घेणं?

हे उठून मागे गेले. रंगाच्या डब्याचं झाकण लावलं, परत काढलं. तिथूनच बोलले. समोरच्या सोसायटीला बिल्डर आणून दाखवला तो इक्बालने. ठरलं की त्याचं दलालीचं ठरेल. रमजानच्या आधीच ह्यांना सांगितलं होतं त्याने.

"मला का नाही सांगितलं?"

"तू काय करणार होतीस सांगून."

अर्ज टाइप केला नसता, एवढं तरी केलं असतं.

मग म्हणाले, त्याने अडचणीत दिला कॉम्प्युटर, आता त्यालाच चोर ठरवतेस. मी म्हटलं मी ठरवत नाही, मी विचारणार आहे. ह्यांनी परत झाकण लावलं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

दुकान ह्यांच्यावर टाकून वाघोलीला गेले. बस बदलून दीड तास. इक्बालचं ऑफिस आता काचेचं. चपला बाहेर काढायला लावतात. भिंतीवर पुढे होणाऱ्या इमारतींची मोठी चित्रं, झाडं, तळं, गोरी माणसं फिरतायत. एका चित्राखाली आमचं कर्वेनगर लिहिलेलं. आमच्या बाजूचं मेडिकल दिसतं त्यात, त्यावरून समोरची सोसायटी ओळखली. आमचं दुकान आहे तिथे फुलझाडं काढली आहेत. दुकान सोसायटीच्या जागेत नाहीच, तरी काढली आहेत.

चहा मागवला त्याने. मी प्यायले नाही. विचारलं.

म्हणाला, "भाभी, अल्ला कसम, मी ते उघडत पण नाही. आपोआप होतं ते. मला तर माहीत पण नव्हतं."

"मग आता सगळं पूस. माझ्यासमोर."

"पुसतो ना. माणूस आला की पुसायला लावतो. पासवर्ड त्याच्याकडे असतो."

"ऑफिस तुझं, पासवर्ड त्याच्याकडे?"

तो हसला. लहानपणापासून असाच हसतो. त्याच्या लग्नात मी त्याच्या अंगाला हळद लावली आहे.

"आणि सोमवारी फोन कशाला केलास?"

"तुमची आठवण आली, दुसरं काय."

मग नवीन कॉम्प्युटर देतो म्हणाला, एकदम लेटेस्ट, उद्याच पाठवतो. विचारलं, त्यात काय काय घालून पाठवशील? ह्यावर हसला नाही. खुर्चीत मागे टेकला, म्हणाला, "भाभी, त्या म्हाताऱ्यासाठी घरात भांडण करणार का तुम्ही? त्यांची बिल्डिंग तशीही होणार आहे."

म्हाताऱ्याचं नाव मी काढलं नव्हतं. मी म्हटलं होतं, गिऱ्हाइकांच्या फाइली.

परतीच्या बसमध्ये उभी होते, तेव्हा हे लक्षात आलं. तिथे लक्षात यायला हवं होतं. असो. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, त्याने अंदाज केला असेल. हे पण होऊ शकतं. अध्यक्ष त्याच्या ओळखीचे, सभेतलं कानावर आलं असेल.

२२ नोव्हेंबर, शनिवार

आपटे काकांकडे गेले. दुसरा मजला. काकूंचा पलंग बाहेरच्याच खोलीत, खिडकीशी. दार उघडल्यावर काका म्हणाले, "या. मी अर्ज लिहितोय, हाताने. दोन पानं फाडून झाली."

सगळं सांगितलं. कॉ. कोणाचा, ढग कसला, दीर कोण, त्याचा बिल्डरशी काय संबंध. काही लपवलं नाही. ढगाचं दोनदा समजावून सांगावं लागलं. गणिताचे मास्तर, एकेक पायरी विचारत गेले. तुम्ही पाठवलं नाही, बरोबर? मशीन पाठवतं. मशीन तुम्ही चालू करता. पण मशीन पाठवतं हे तुम्हाला ठाऊक नाही. मग म्हणाले, "म्हणजे चूक तुमची आहे, पण गुन्हा तुमचा नाही. एवढ्यावर मी पास करतो."

मी म्हटलं मी सभेत येऊन सांगते.

"तुमचं मी मानलं. सभा मानणार नाही. म्हणतील टायपिंगवालीला फितवून आणली. अकरातल्या सात जणांनी सही करणार नाही म्हणून कळवलं आहे. हसं झाल्यावर कोण सही करतो. चार उरलो. तीसला रविवारी पुन्हा सभा, तिथे ठराव मंजूर." मग, "ज्याच्याकडून तो कागद गेला त्याने स्वतः एका ओळीत लिहून दिलं तर गोष्ट वेगळी. मग अध्यक्षांना विचारता येईल, दुसऱ्याचा कागद तुम्ही कुठून आणलात. मग ते सात पण परत येतील."

काकू काहीतरी बोलल्या. मला कळलं नाही, काकांना कळलं. म्हणाले, "ती म्हणते, चहा विचारला का." म्हटलं नको. परत बोलल्या. "म्हणते, पत्रिका छान करता तुम्ही. आमच्या मुलाची तुमच्याकडेच केली होती."

अर्धं तोंड वाकडं, पण डोळे नीट बघत होते. मी लवकर उठले.

२४ नोव्हेंबर, सोमवार

दोन मिनिटं. आता तेवीसातले तीनच आपोआप उठतात. म, आवाजाचा, आणि खऱ्या प्रिंटरचा. वाट बघायला कोणी उभं राहत नाही. तसं आज उभं राहायला फारसं कोणी आलंही नाही. झेरॉक्सवाले आले. टायपिंग एक, ते पण भाड्याचा करार, त्यात लपवण्यासारखं काही नसतं.

एक नवीन बाई आली, दारातूनच विचारलं, "इथे टाइप केलेलं बाहेर जातं ते हेच दुकान ना?" मी म्हटलं जात होतं, आता जात नाही, बसा. बसली नाही.

खोटं बोलता आलं असतं. सुचलं नाही.

इक्बालचा माणूस आला नाही. मेश्राम मॅडमनी बघितलं, फाइली तिथेच आहेत. इक्बालला दोन फोन केले. एकदा बिझी, एकदा उचलला नाही. ह्यांना म्हटलं तुम्ही करा. ह्यांचा उचलला. पाच मिनिटं पाण्याच्या टँकरबद्दल बोलले दोघं. फाइलींबद्दल नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार

आज दुकान उघडून आधी स्क्रीनवरचं सगळं उचललं. एक फाइल ठेवली नाही. मेश्राम मॅडमनी पेन ड्राइव्ह आणून दिला, लोकांचं सगळं त्याच्यात, पेन ड्राइव्ह माझ्या कमरेला चाव्यांच्या जुडग्यात. आता स्क्रीनवर नुसतं निळं.

मग पत्र टाइप केलं. पंधरा वर्षांत दुसऱ्यांचीच केली, स्वतःचं पहिलंच. सुरुवात कशी करायची कळेना. लोकांना मी सांगते, महोदय लिहा. दिराला कोण महोदय लिहितं. नुसतं नाव लिहिलं. फाइलीला नाव दिलं, आपटे काका अर्ज चार.

यादी उघडली. चौदाव्या नावावर गेले. उजवं बटण, एनेबल.

हे मागे उभे होते. कधी आले कळलं नाही. म्हणाले, "हे काय करतेस? बंद केलेलं होतं ना?"

"एक पत्र पाठवायचंय. तो म्हणतो तो उघडत नाही, बघत नाही. मग त्याला दिसणारच नाही. दिसलं तर उत्तर येईल."

"आणि उत्तर नाही आलं तर?"

"नाही आलं तर काहीच कळणार नाही. म्हणून तारीख घातली आहे."

वाटलं माउस काढून घेतील हातातून. घेतला नाही. कॉ. बंद करून परत लावला. सव्वातीन मिनिटं. ढग आला घड्याळाशेजारी. आधी गोल गोल फिरत होता, मग थांबला. हे म्हणाले, "पोचलं?" म्हटलं पोचलं. परत यादी उघडली, डिसेबल.

ह्यांनी चष्मा लावला. मग, "मला वाचायला नाही दिलंस." दिलं. उभ्या उभ्या वाचलं. शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं, म्हणाले, "सातला नको, आठ लिही. सातला तो रस्त्यात असतो." म्हटलं आता गेलं. सातच.

इथे उतरवून ठेवते, नंतर कोणी म्हणायला नको की असं नव्हतं लिहिलं.

इक्बाल,
तू म्हणालास तू उघडत नाहीस. खरं असेल तर हे तुला दिसणार नाही आणि मी उगाच टाइप केलं. दिसलं तर पुढचं वाच.
तुझा कॉ. मी वापरते, त्याचे उपकार आहेत. त्यात तुझे जे बसलेले होते ते मी बंद केले. वर तुझ्याकडे माझ्या गिऱ्हाइकांचं जे पडलं आहे ते पुसून टाक. ते तुझं नाही आणि माझंही नाही.
आपटे काकांचा अर्ज तू वाचलास का? वाचला असशील तर अध्यक्षांना तू दिलास का दुसऱ्या कोणी? ऑफिसातल्या माणसाने दिला असेल तर त्याचं नाव लिही. तू नाही वाचलास, नाही दिलास, तर तसं लिही, खाली सही कर, मी ते काकांना नेऊन देईन आणि तुझी माफी मागायला वाघोलीला येईन, चपला बाहेर काढून.
रविवारी त्यांची सभा आहे. त्यांनी ऐंशी माणसांत बायकोच्या आजारावर हसू ऐकलं. माझ्या दुकानात आता लोक बसत नाहीत. मी सभेत उभी राहून तुझं नाव घेतलं तर तुझ्या भावाला ह्या घरात आणि त्या घरात दोन्हीकडे मान खाली घालावी लागेल. मला ते करायचं नाही. पण कोणी काही बोललंच नाही तर मी करणार आहे. हे तुला माहीत आहे, तू मला वीस वर्षं ओळखतोस.
फोन नको. फोनवर तू मुलांची विचारपूस करतोस. भावाकडे निरोप नको. कागदावर, तुझ्या हाताने, हो का नाही.
शुक्रवार, अठ्ठावीस तारीख, संध्याकाळी सातपर्यंत. दुकान उघडं असेल.